रिकाम्या दरीतले कॅमेरे

बुरुलनं लिंकवर नेलेला माउसचा बाण मागं घेतला, चष्मा काढून स्वेटरच्या बाहीला पुसला आणि मेल पुन्हा वाचला.

'आदरणीय बुरुल, दक्षिण बाजूच्या कॅमेऱ्यांचे फोटो आणि त्यांच्या जागा कृपया सोबतच्या लिंकवर पाठवाव्यात. काम तातडीचे आहे. बेइशेन.'

मेल त्यांच्या हिमबिबट्या वाचवणाऱ्या संस्थेच्याच खात्यावरून आला होता. लिंकही संस्थेचीच, शेजारी छोट्या कुलपाचं चित्र असलेली. अशी लिंक म्हणजे एकतर्फी पेटी. पाठवणाऱ्यानं फाइल आत टाकायची. पेटी उघडता येणार फक्त मागणाऱ्याला, तीही त्याच्या मोबाईलवर आलेला आकडा घातल्यावर. हे सगळं बुरुलनंच नारिनच्या या ऑफिसात एकेकाला शेजारी बसवून शिकवलं होतं. त्यामुळे लिंकमध्ये खोट काढायला जागा नव्हती. खोट होती ती मजकुरात.

संस्थेच्या म्हाताऱ्या वाटाड्यानं, बेइशेन आबांनी, उभ्या जन्मात कुणाला 'कृपया' म्हटलं नसेल. मेल ही गोष्ट त्यांना ठाऊक होती, पण लांबच्या सोयऱ्यासारखी. त्यांचे निरोप यायचे ते आवाजात: आधी खोकला, मग घोड्याला एक शिवी, मग काम. आणि त्याहून विचित्र म्हणजे दक्षिणेकडचे कॅमेरे आबांनीच लावले होते. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या घोड्यावरून नेऊन. ज्यानं खुंटी ठोकली तोच विचारत होता, खुंटी कुठंय म्हणून.

तिनं त्यांना फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, तर बंद.

लॅपटॉप तसाच उचलून ती एमिलच्या खोलीत गेली. एमिल संस्थेचा प्रमुख, तिच्यापेक्षा बराच लहान, राजधानीतून, बिश्केकहून, आलेला. त्यानं मेल वाचला आणि उठून दार लावून घेतलं.

"तुम्हाला काय वाटतं, एजे?" थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला एजे म्हणायचा.

"आबांचं खातं कुणीतरी वापरतंय."

"किंवा आबाच वापरतायत."

"त्यांना जागा कशाला हव्यात? त्यांना पाठ आहेत त्या."

"हातानं दाखवायला पाठ असून चालतं," एमिल म्हणाला. "विकायला अक्षांश-रेखांश लागतात."

गेल्या शरदापासून या ऑफिसात अशा वाक्यांना कुणी उत्तर देत नसे. शरदात एका गुहेपाशी हिमबिबट्याची मादी आणि तिची दोन पिल्लं मारली गेली होती. शिकारी इकडंतिकडं भटकलेही नव्हते. कुणीतरी बोट धरून नेल्यासारखे थेट गुहेच्या तोंडाशी गेले होते. ती जागा माहीत होती तिघांनाच: एमिलला, बुरुलला आणि ती शोधून काढणाऱ्या बेइशेन आबांना. तेव्हापासून तिघांचा चहा तीन टेबलांवर थंड व्हायचा. मागून कुणी गेलं की एमिल लॅपटॉप अर्धा मिटायचा. बुरुलनं टेबलाच्या खणाला कुलूप बसवलं होतं. एमिलला बिश्केकहून सारखे फोन येतात, ते कुणाचे, हाही विचार तिनं करून पाहिला होता.

"पाठवा फाइल," एमिल म्हणाला. "फक्त जागा बदला."

"म्हणजे?"

"ताश-बुलाकच्या दरीतल्या द्या. तिथं काय आहे? दगड. एकच वाट आणि तोंडाशी सीमेची चौकी. चौकीवरचा अधिकारी माझ्या ओळखीचा आहे. या दिवसांत त्या दरीत कुत्रंही जात नाही. जो जाईल तो आपला चोर."

बुरुल टेबलाशी येऊन बसली. फोटो खरे ठेवले, त्यांच्याखालचे अक्षांश-रेखांशाचे आकडे एकेक करून खोडले आणि नवे लिहिले. ताश-बुलाक तिला ठाऊक होतं. झुडूप नाही, गवत नाही, रानबोकड नाही, म्हणून कॅमेरा लावण्याच्या यादीतून तिनंच ते कधीकाळी काढून टाकलं होतं. फाइलला तिनं नेहमीसारखंच नाव दिलं. पेटीत टाकली. पडद्यावर हिरवी खूण आली: आपली फाइल सुरक्षितपणे पोहोचली आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी पडद्यावर सूचना आली की फाइल उघडली गेली. आकडा बेइशेन आबांच्याच मोबाईलवर गेला होता.

बाहेर मार्चचा वारा नदीवरून धूळ आणि बर्फाचे कण एकत्रच आणत होता. एमिलचा फोन वाजला की बुरुलचे हात कीबोर्डवर थबकायचे. चौकीवरून फोन आला तेव्हा मात्र ती ऑफिसातली भांडी धूत होती. एमिल दारात येऊन उभा राहिला.

"आबा," तो म्हणाला. "एकटेच, घोड्यावरून. बंदूक नाही. दिवसभर दरीत फिरत होते. परतताना चौकीवाल्यांनी चहा दिला तर प्यायलेही नाहीत."

बुरुलनं नळ बंद केला.

"पण ते का जातील? तिथं त्यांनी एकही कॅमेरा लावलेला नाही. फाइल बघताच ते हसायला हवे होते."

"असेल काहीतरी डाव. गिऱ्हाइकाला माल सापडला नसेल, म्हणून स्वतः बघायला गेले असतील." एमिलनं खिडकीकडं पाहिलं. "मला आवडतंय असं नाही, एजे. उद्या तुम्ही गावी जा. त्यांचा फोन आणि ओळखपत्र घेऊन या. मी गेलो तर भांडण होईल."

आबांचं घर गावाच्या टोकाला, गोठ्याच्या आडोशाला होतं. बुरुल आत गेली तेव्हा ते चुलीशी बसून बोटांना मेंढीची चरबी चोळत होते. गालांवर थंडीनं काळे चट्टे उमटले होते. तिला पाहून ते उठायला लागले आणि अर्ध्यातच बसले.

"ये पोरी. बरं झालं, तूच आलीस. एमिलला कसं सांगावं याचाच विचार करत होतो." त्यांनी मान खाली घातली. "कॅमेरे गेले."

"कुठले?"

"ताश-बुलाकचे. सगळे. एकही जागेवर नाही."

त्यांची बायको सायरा एजे चहाचा पियाला घेऊन आली, बुरुलच्या हातात देताना क्षणभर तिच्याकडं पाहत राहिली आणि मागं सरली.

"नीट बघितलंत ना, आबा?" बुरुलचा आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"बघितलं म्हणजे? दगडन् दगड बघितला. अगं, पहिला कॅमेरा मी अर्चाच्या झुडपाला बांधला होता, त्या वळणावर. मला अजून डोळ्यासमोर दिसतंय. तारेनं बोट कापलं होतं, हे बघ." त्यांनी अंगठ्याशेजारच्या बोटावरचा जुना पांढरा व्रण पुढं केला. "तर झुडूपसुद्धा नाही! मुळासकट तोडून नेलं हरामखोरांनी."

पियाला भाजत होता, तरी बुरुलनं तो खाली ठेवला नाही. ताश-बुलाकमध्ये अर्चाचं झुडूप कधीच नव्हतं.

"माझी जबाबदारी होती ती," आबा म्हणाले. "ओळखपत्र हवंय ना? एमिलनं त्यासाठीच पाठवलं असणार. घेऊन जा. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं."

त्यांनी ते गळ्यातून काढून तिच्यापुढं धरलं. फाइल खोटी होती, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. मग तिच्या लक्षात आलं, की ते म्हटलं तर आबांच्या डोळ्यासमोरचं ते झुडूपही आपल्याला उपटावं लागेल. ते वळण, ती तार, ते रक्त, सगळंच. मग त्यांच्याकडं काय उरेल?

"राहू दे," ती म्हणाली. "मी त्यासाठी आले नाही."

निघताना सायरा एजे सोबत बाहेर आली आणि फाटकाऐवजी गोठ्यामागं वळली. तिथं गोवऱ्यांचा उंच ढीग होता. त्यातल्या गोवऱ्या काढून ती टोपलीत भरू लागली.

"त्यांना काही बोलली नाहीस. बरं केलंस."

"कधीपासून चाललंय हे?"

"गवत कापणीपासून. आधी मला वाटलं, दमलेत. आता घोडाच घरी आणतो त्यांना. घोडा विसरत नाही."

"तो मेल कुणी लिहिला?"

"नातीनं. शाळेत शिकवतात तशा भाषेत लिहिलान. आवाजात सांगायला गेले की बोलता बोलता मधेच थांबतात ना, म्हणून म्हणाले, लिहूनच पाठव. कॅमेरे काढून आणायची वेळ झाली आणि जागा आठवेनात. रात्ररात्र बसून राहायचे."

"एजे, आम्हाला सांगायचं होतंत."

"तुम्हाला?" सायरा एजेनं गोवरी टोपलीत आपटली. "तुम्ही ऑफिसवाले. आधी हे तुमच्याकडं आले की घरच्यासारखे जेवून यायचे. शरदापासून येतात ते उपाशी. तुम्ही कुलपं लावून बसलात. कुलपाला काय सांगू मी?"

बुरुलनं वाकून टोपलीची दुसरी कडी धरली. मग सायरा एजे खालच्या आवाजात म्हणाली, "अजून एक आहे. तू मनात ठेव नाहीतर सांग, तुझं तू बघ. शरदात मेंढ्या बघायला म्हणून माणसं आली होती. चांगल्या कपड्यांतली. चहा प्यायली, ह्यांची तारीफ केली. तुमच्यासारखा माणूस या डोंगरात नाही म्हणाली. हे फुलले. इल्बिर्स, तुमचा तो हिमबिबट्या, कुठं राहतो, मादी कुठल्या वाटेनं पिल्लांना आणते, सगळं हातवारे करून सांगितलं. इतकं खूश मी त्यांना किती दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हणून मीही गप्प बसले. सकाळी मला विचारतात, काल कोण आलं होतं गं?"

गोठ्यात गाय हंबरली. सायरा एजेनं तिकडं पाहिलं नाही.

"पिल्लांचं ऐकलं तेव्हा मला कळलं," ती म्हणाली. "त्यांना नाही कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. कोण असेल तो नीच, म्हणत बसले होते."

एमिलला बुरुलनं सगळं सांगितलं. परतीच्या रस्त्यावर तिनं बरंच काही गाळायचं ठरवलं होतं. पण त्यानं दार लावून घेतलं, तसं तिला वाटलं, आता लपवालपवी पुरे. सांगून झाल्यावर एमिल टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"मी त्यांना थंडीत त्या दरीत पाठवलं," तो म्हणाला.

"आकडे मी लिहिले."

"आता त्यांना एकही जागा कळवायची नाही. खातं बंद करा."

"केलं. ती लिंकही बंद केली."

"आणि खरे कॅमेरे? ते तर अजून वरच आहेत."

"मी आणते. आबांसोबत."

"एजे, त्यांना वाट तरी..."

"वाट त्यांना येते," बुरुल म्हणाली. "कुठं थांबायचं, तेवढंच येत नाही."

एमिल उठला, दाराशी गेला आणि दार उघडं टाकून परत येऊन बसला.

बर्फ जरा बसल्यावर ती दोघं दक्षिणेकडच्या उतारावर गेली. ताश-बुलाकचे चोरीला गेले, उरलेले तरी सुखरूप आणू, एवढंच तिनं आबांना सांगितलं होतं. आबा पुढं, बुरुल मागं. डोंगरात शिरल्यावर आबा घरातले राहिलेच नाहीत. कुठला बर्फ पोकळ आहे हे ते घोड्याच्या कानांवरून सांगत होते. एका खडकाला नाक लावून म्हणाले, "काल सकाळी गेलाय. नर आहे." बुरुलला तिथं नुसता ओला दगड दिसला. घोड्यावर नीट बसत नाही म्हणून त्यांनी तिला शिव्याही घातल्या, अगदी पूर्वीसारख्या.

तिच्या कोटाच्या आतल्या खिशात जागा दाखवणारं यंत्र होतं. ती ते हळूच बघायची. जागा जवळ आली की म्हणायची, "आबा, थांबा जरा," आणि उतरून बुटाची नाडी बांधायला वाकायची. आबा लगाम ओढून थांबत, कंटाळून इकडंतिकडं बघत. मग त्यांचा आवाज यायचा.

"अगं, हा काय! सांगितलं नव्हतं मी? इथंच लावलाय म्हणून!"

"तुमची नजर भारी आहे, आबा."

ते खूश होऊन कॅमेरा सोडवत, फुंकर मारून काच पुसत आणि जिनाच्या पिशवीत ठेवत. असं कड्याच्या बेचक्यात झालं, ओढ्याकाठी झालं, पडक्या मेंढवाड्यापाशी झालं. दुपार कलली तेव्हा ती दोघं खिंडीखालच्या शेवटच्या जागी पोहोचली होती. बुरुल पुन्हा उतरली, पुन्हा वाकली.

या वेळी आवाज आला नाही. तिनं बराच वेळ नाडीशी बोटं हलवली. शेवटी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर आबा घोड्यावरून उतरून तिच्या शेजारीच उभे होते. कॅमेरा त्यांनी कधीच सोडवून काखेत घेतला होता.

"खाली गेलीस की नवे बूट घे," घोड्याचा पट्टा आवळत, तिच्याकडं न बघता ते म्हणाले. "तुझी नाडी कॅमेऱ्यापाशीच बरी सुटते."

बुरुल वाकलेलीच राहिली. तिच्या बोटांखालची गाठ घट्ट होती. आबांनी तिचा घोडा ओढून जवळ आणला आणि ती उठेपर्यंत लगाम धरून ठेवला.