चांगला आठवडा

"जानेवारी ते एप्रिल, मॅडम. समुद्र शांत, पाऊस नाही. डोळे मिटून या."

टोरांटोच्या बाईला एवढं सांगून इस्मेने फोन ठेवला. कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावरच्या या हॉटेलात ती सव्वीस वर्षं हेच सांगत आली होती. सप्टेंबराबद्दल कुणी विचारलंच, तर वादळाचे दिवस आहेत, येऊ नका, असं स्पष्ट सांगायची. आणि तिला स्वतःला रजा मिळायची ती मात्र नेमकी सप्टेंबरात.

तिने उठून रजेचा अर्ज लिनससमोर ठेवला. लिनस मॅनेजर खरा, पण एकेकाळी तिच्याच वर्गातला.

"फेब्रुवारीचा दुसरा आठवडा? इस्मे, डोकं ठिकाणावर आहे ना? एक खोली रिकामी नाही!"

"म्हणूनच. अख्खं जग येतंय, म्हणजे आठवडा चांगलाच असणार."

"सप्टेंबर घे की, नेहमीसारखा."

"सप्टेंबरनंच तर माझा घात केला."

हे बेटावर सगळ्यांनाच ठाऊक होतं. इस्मेचा नवरा कथबर्ट जाऊन सहा वर्षं झाली होती. कबरीवरचा दगड घडवायला आणि पांगलेली माणसं गोळा करायला इथे एवढी वर्षं लागतातच. तो दगड बसला, गावजेवण झालं, की मगच गेलेल्याची खरी पाठवणी होते. आदल्या दिवशी दगड त्याच्या पलंगावर, पांढऱ्या चादरीखाली निजवायचा. एकदा निजवला की थेट कबरीवरच न्यायचा, मध्ये उतरवायचा नाही. गेल्या सप्टेंबरात इस्मेने दगड निजवला आणि वादळाने बोटी बंद केल्या. इंग्लंडहून आलेली थोरली नणंद, जेम्मा, शेजारच्या ग्रेनाडा बेटाच्या धक्क्यावर अडकली आणि तिथूनच माघारी गेली. थोरल्या बहिणीने पाणी शिंपडल्याशिवाय दगड हलणार कसा? तेव्हापासून दगड पलंगावर आणि इस्मे खाली चटईवर.

"मला कळतं गं," लिनस म्हणाला, "पण मालकाला काय सांगू?"

"ते तू बघ. शाळेत माझी गणितं उतरवताना बरं सुचायचं तुला."

"आणि रजा नाहीच दिली तर?"

"मी मागायला आलेले नाही, लिनस. कळवायला आलेय."

फेब्रुवारीत समुद्र तव्यासारखा सपाट होता. जेम्मा पहिल्याच बोटीने उतरली. अंगणात मोठमोठ्या भांड्यांत बोकडाचं मटण शिजलं, मक्याच्या पिठाचे गोळे वळले गेले. जेम्माने दगडावर पाणी शिंपडलं, त्यावर थोडी रम ओतली आणि ती मोठ्याने रडली. इस्मे रडली नाही. तिला आज रडायला वेळच नव्हता.

पुरुषमाणसं दगड उचलणार, तेवढ्यात लिनस दारात उभा. टाय लावलेला, घामाघूम.

"इस्मे, तासाभरासाठी तरी चल. फोन थांबत नाहीये. कधी यावं, कधी यावं, सगळे तेच विचारताहेत. काय सांगू?"

"खरं तेच सांग. सध्या इथे फार छान दिवस आहेत म्हणावं." मग तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "उभा काय राहिलास? कोपरा धर."

लिनसने टाय सोडून खिशात कोंबला आणि दगडाला खांदा दिला.

दगड बसला. दुपारी अंगणात ढोल घुमू लागले. आतल्या टेबलावर कथबर्टसाठी वाढलेलं ताट होतं. त्याच्या खुर्चीकडे वळलेल्या लिनसला जेम्माने दटावून बाकावर बसवलं. हॉटेलात परत जायची त्याला घाई दिसली नाही.

इस्मे खोलीत गेली. गादीत दगडाएवढा खोलगट खड्डा पडला होता. तिने कोरी चादर अंथरली, खड्ड्यावरून हात फिरवला, पण तो भरून आला नाही. चटई गुंडाळून तिने दारामागे उभी केली. मग पलंगावर आपल्या बाजूला, अगदी कडेला, ती आडवी झाली आणि पाठ सरळ केली.