कल्हईचे दहा डबे

शिवकांताचा पाय एका जागी ठरत नव्हता. नववीचा तास चालू, आणि तिचं चित्त सगळं तेलगिरणीच्या बॉयलरमध्ये. तिच्या नव्या दांड्या त्यात घालून आज आठवा दिवस. सकाळीच आग विझवलेली, संध्याकाळी दांड्या काढणार!

लातूर वेगळा जिल्हा झाला, पाऊस मात्र दुसऱ्या वर्षीही फिरकला नाही. अप्पांची, म्हणजे तिच्या वडिलांची, सिद्रामप्पांची, ओतकामाची भट्टी गिरणीच्या जिवावर चालायची. गिरणीच्या बॉयलरात जळण रचायला बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, दांड्या लागत. मोठं गिऱ्हाईक म्हणून अप्पांनी औंदा स्वच्छ, निवडक भंगार ओतलं. आठवड्यातच दांड्या भाकरीसारख्या फुगून वाकल्या. आदल्या वर्षीच्या, उकिरड्यावरल्या भंगाराच्या, मात्र ताठच होत्या! गिरणीवाले व्यंकटराव म्हणाले होते, "अप्पा, आता एकच डाव. पुन्हा फुगल्या तर सोलापूरहून आणतो."

उकिरड्यात काय होतं, ते शिवकांतानंच हुडकलं. दुष्काळी कामावर वाटलेल्या तेलाचे रिकामे डबे. पत्र्यावर कथलाची कल्हई.

"अप्पा, बिडात लोखंड नि कार्बन जोडीनं ऱ्हातात. आच लागली की जोडी फुटते, बीड फुगतं. जराशी कल्हई जोडी फुटू देत न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"निम्मं विज्ञानाच्या बाईंनी. निम्मं मीच."

"निम्म्यावर भट्टी पेटत न्हाई गं," अप्पा म्हणाले, पण दोनदा ओतू दिलं. पहिल्या ओतात शंभर किलोला दहा डबे. दुसऱ्यात तिनं गुपचूप तीस ढकलले. चांगलं ते जास्त घातलं तर आणखी चांगलं, नाही का?

शाळा सुटली तशी ती पळतच गिरणीत. अप्पा आधीच तिथं होते. व्यंकटरावांनी दोन्ही ओतांची एकेक दांडी काढून ठेवली होती. दोन्ही ताठ!

"बघा!" तिनं तीस डब्यांची दांडी उचलून ऐटीत फरशीवर आपटली. खाडकन दोन तुकडे.

व्यंकटराव हसले. "ही तर काचेची निघाली, मास्तरीणबाई!"

अप्पांचा चेहरा उतरला. शिवकांताचे कान तापले. "तीत तीस डबे हायेत, अप्पा. मीच टाकले, न इचारता."

अप्पांनी दुसरी दांडी उचलली, तिच्याहून जोरात आपटली. ठण्ण वाजली. तुटली नाही. पुन्हा आपटली. नाही.

"व्यंकटराव, सोमवारी सगळ्या ओततो," अप्पा म्हणाले. मग लेकीकडे वळून, "डबे तू मोजायचे. दहा. अकरावा दिसला तर भट्टीची पायरी चढायची न्हाई."

"हाव अप्पा." ती दारापर्यंत गेली, परत फिरली. "पण आठ टाकून एकदा बघू का?"