टिंबांची रेघ

युसुफचं पत्र चौदा महिने माझ्या शब्दकोशात पडून होतं. पत्राकडे मी पाहत नव्हतो, पण शब्दकोश रोज लागायचा. शेवटी एखादा शब्द अडला की मी बायकोलाच विचारू लागलो. विभावरी म्हणाली, "चाळीस वर्षांनी का होईना, मला काही येतं असं वाटायला लागलं तुम्हाला."

इथे आखातात, हत्ता गावाच्या पलीकडे डोंगरात जे राष्ट्रीय उद्यान झालं आहे, त्याच्या कचेरीत हा युसुफ वाटांचं काम पाहतो. जुन्या कागदांत त्याला वादी सिद्राचा, म्हणजे तिथल्या एका कोरड्या नदीच्या दरीचा, १९८३ सालचा नकाशा सापडला. कोपऱ्यात, रेखाटन कोणी केलं त्या चौकटीत, माझं नाव होतं: सूर्यकांत खांबेटे. कुठून कुठून चौकशी करत त्याने माझ्या मुलाच्या ऑफिसचा पोस्ट बॉक्स नंबर मिळवला होता. त्याचा प्रश्न साधा होता. दरीतल्या गावापासून वर, डोंगरातल्या जुन्या शेतांकडे जाणारी वाट नकाशात टिंबांनी दाखवली आहे. ती खरोखर नुसती पायवाट होती का? तुम्ही ती पाहिली होती का? त्या वाटेने गेलेली आमच्या घरातली माणसं आता राहिली नाहीत, असं त्याने लिहिलं होतं. खाली हाताने एक ओळ होती: तुमची तब्येत चांगली असेल, इन्शाल्ला.

नकाशात टिंबांची रेघ म्हणजे माणसांची पायवाट आणि तुटक रेघ म्हणजे ओझ्याच्या जनावरांची वाट, तिथे गाढवांची. मी तेव्हा शहराच्या देरा भागातल्या एका सर्वेक्षण कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. सर्वेक्षक डोंगरात हिंडून वह्या भरून आणायचे आणि आम्ही थंड खोलीत बसून त्यावरून शाईने नकाशे काढायचो. वहीत वादी सिद्राच्या पानावर या वाटेपुढचा, वाट कसली ते लिहायचा रकाना कोरा होता. विचारायचं तर आमचे मुख्य सर्वेक्षक काचेच्या दारापलीकडेच बसले होते. भला माणूस, पण आवाज मोठा. मी दारापर्यंत दोनदा गेलो. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा ते रिकामे होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तो गुरुवार होता, तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची आणि नकाशा दुपारी छपाईला जायचा होता. मी टिंबं टाकली.

हे युसुफला कसं लिहायचं? अकरा मसुदे केले. सातवा चार पानी झाला आणि त्यात मी जुन्नरला माझं बालपण कसं गेलं, तिथपर्यंत पोचलो. पुढे पुढे मी मसुदेही करेनासा झालो.

या जानेवारीत एका शनिवारी माझी नात अस्मी डोंगरातून परत आली ती सायकल बाल्कनीत आदळूनच. अस्मी सोळा वर्षांची आहे. डोंगरी सायकल चालवणाऱ्या शाळेतल्या पाच-सहा मुलामुलींचा तिचा गट आहे. सुट्टीच्या दिवशी कुणाचा तरी बाप त्यांना गाडीतून हत्त्याकडे नेतो. जेवताना तिने सांगितलं की वादी सिद्राच्या वाटेवर पाटी लागली आहे: सायकलींना तूर्त मनाई. उद्यानाचा नवा नियम असा की जिथून जनावरं जायची तिथून सायकली जाऊ शकतात, पायवाटा चालणाऱ्यांसाठी. महिनाअखेरीला कचेरी निर्णय करणार होती आणि दुसरा पुरावा मिळाला नाही तर जुना नकाशा प्रमाण मानणार होती. पडायची फार भीती न बाळगता उतरता येईल अशी त्यांच्या बेताची ती एकच वाट होती. बाकीच्या फार सोप्या, नाहीतर हाडं मोडणाऱ्या.

"सम गाय पुट डॉट्स ऑन अ मॅप इन नाइन्टीन एटी-थ्री," अस्मी म्हणाली. "अँड दॅट्स इट. खलास."

मी आमटी वाढून घेतली. मला नको होती.

माझा मुलगा निनाद म्हणाला की त्या काळचे लोक फार काटेकोर काम करायचे, आबांना विचार. अस्मीने विचारलं नाही, आणि मी बोललो नाही.

भांडी आवरताना विभावरी हळूच म्हणाली, "ते टिंबंवाले तुम्हीच ना?"

तिने गेल्या फेब्रुवारीतच शब्दकोड्यासाठी शब्दकोश उघडला तेव्हा पत्र वाचलं होतं. मी आपणहून सांगेन म्हणून वर्षभर थांबली होती. मी तिला सगळं सांगितलं. आणखी एक गोष्ट होती, तीही सांगितली. दोन वर्षांपूर्वी त्याच डोंगरात चालत असताना मागून एक सायकल आली आणि मी बाजूला होता होता काटेरी झुडपात बसलो. त्या मुलाने थांबून माफी मागितली, पाणी दिलं, पण वाटा चालणाऱ्यांच्याच असाव्यात असं मला तेव्हापासून वाटतं. मग मी गप्प बसलो तो भिडस्तपणामुळे की टिंबं माझ्या सोयीची होती म्हणून, हे मलाच कळेना.

"ते बसून कळायचं नाही," विभावरी म्हणाली. "वाट अजून आहे ना तिथे? बघून या."

बेचाळीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी निनादने आम्हाला नेलं. वाटेच्या तोंडाशी पाटी होती आणि पाटीखाली कुणीतरी खडूने रडका चेहरा काढला होता. अस्मीने सवयीने आणलेली सायकल गाडीवरच राहू दिली. निनादला ऑफिसचा फोन आला, तो गाडीतच थांबला. मी घरून मोजपट्टी, वही आणि दोन पेन्सिली घेतल्या होत्या. अस्मीला एवढंच सांगितलं होतं की मला ही वाट बघायची आहे. तिला ते विचित्र वाटलं असावं, पण आजोबांच्या विचित्रपणाची तिला सवय आहे.

ऊन कोवळं होतं. वाट वादीच्या कडेने चढत जाते, एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला तांबूस करडा कडा. मी सावकाश चालत होतो आणि काय शोधायचं ते मला माहीत नव्हतं. आमच्याकडे घाटात बैलांची वाट आणि माणसांची वाट वेगळी ओळखता येते. बैलांची वाट वळसे घेत जाते, माणसांची सरळ वर घुसते. ही वाट वळसे घेत होती. पण तेवढ्यावर मी काही लिहिलं नसतं.

अर्ध्या तासाने वाट अरुंद झाली आणि कडा अगदी अंगाशी आला. टेकायला म्हणून मी हात लावला तर दगड गुळगुळीत. खाली पायाशी खरखरीत, वर डोक्याशी खरखरीत, आणि मधे कमरेच्या उंचीवर वीतभर रुंदीचा पट्टा तासल्यासारखा मऊ. पुढच्या अरुंद जागीही तसाच पट्टा होता, त्याच उंचीवर. मी मोजपट्टी लावली. माणसाचे पाय कमरेएवढ्या उंचीवर दगड घासत नाहीत. गाढवाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लटकलेली पोती घासतात. किती पिढ्या, किती खजूर, किती धान्य गेलं असेल इथून.

मी खाली बसलो. अस्मीला वाटलं मला चक्कर आली. तिने पाण्याची बाटली काढली.

"अस्मी," मी म्हणालो, "ती टिंबं मी काढली होती."

"कुठली टिंबं?"

"नकाशातली. न बघता काढली. कचेरीचं पत्रही आलंय मला, तेच विचारणारं."

तिने बाटलीचं झाकण परत लावलं. "वेट. द डॉट्स गाय इज यू?" आणि मग ती इतकी हसली की दरीतून तिचं हसू परत आलं. मी मनात चौदा महिने शिक्षेची तयारी केली होती. हसण्याची केली नव्हती.

तिला पट्टा दाखवल्यावर मात्र ती पुढे धावली आणि प्रत्येक अरुंद जागी थांबून ओरडू लागली, "आबा, हिअर ऑल्सो." मी मापं सांगत होतो, ती फोनमध्ये लिहीत होती.

पुढे एक म्हातारं बोरीचं झाड लागलं. त्याला इकडे सिद्र म्हणतात, वादीला नाव त्याचंच. झाडाखाली सपाट जागा आणि दगड रचून केलेला ओटा, तोही कमरेएवढा. त्यापलीकडे वाट सरळ वर घुसत होती. गुडघाभर उंचीच्या पायऱ्या, दगडात खोदलेल्या. कड्यावर पट्टा नव्हता. मी हाताने चाचपून पाहिलं, तीन ठिकाणी. गाढवं इथे थांबत असणार, ओझी ओट्यावर उतरत असणार आणि पुढे शेतांपर्यंत माणसं डोक्यावरून नेत असणार.

अस्मीलाही ते समजलं. ती पायऱ्यांकडे बघून म्हणाली की खरी मजा वरूनच सुरू होते, त्या पायऱ्या सायकलवरून उतरता येतात, त्यांचा गट मागच्या वर्षी तिथून उतरला होता. मग म्हणाली, "यू कुड जस्ट राइट दॅट इट ऑल वॉज डाँकीज. हू विल चेक?"

"एकदा न बघता चुकीची रेघ काढली," मी म्हणालो. "आता बघून चुकीची काढू?"

तिने एक खडा दरीत टाकला. "फेअर," म्हणाली. मग ओट्यावर चढून बसली आणि डब्यातला अर्धा पराठा मला दिला. सायकल या ओट्याला टेकवून पुढे चालत जाता येईल, असं तीच म्हणाली. पण ते सांगताना तिचं तोंड कडू होतं, हे मी लिहून ठेवतो.

उतरताना दोन चालणारे भेटले. आम्ही कड्याला चिकटून त्यांना जागा दिली. त्या जागी सायकल आली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात आला. तोही पत्रात लिहायचा असं ठरवलं: अरुंद जागा सहा आहेत, तिथे सायकलवाल्याने उतरावं. म्हाताऱ्या माणसाला एवढं मागता येईल.

बारावा मसुदा एका पानाचा झाला. जुन्नर त्यात आलं नाही. रकाना कोरा होता, मी विचारायला घाबरलो, टिंबं अंदाजाने टाकली, हे पहिल्या तीन ओळींत लिहिलं. ते लिहून झाल्यावर बाकीचं सोपं गेलं. सोबत पट्ट्याची मापं, अस्मीने काढलेले फोटो आणि एक छोटा नकाशा. बऱ्याच वर्षांनी काढला, पण शाई नीट बसली. गावापासून बोरीपर्यंत तुटक रेघ, बोरीपासून वर टिंबं. कोपऱ्यात नाव घातलं आणि नावाखाली, पूर्वी कधी घातलं नव्हतं ते: प्रत्यक्ष पाहून.

अस्मी म्हणाली की हे सगळं मी दोन मिनिटांत मेल करते. मी म्हटलं, पत्राला पत्र. निर्णयाला अजून बारा दिवस होते. तिने डोळे फिरवले, पण पाकिटावरचा पोस्ट बॉक्स नंबर दोनदा तपासून दिला.

सोमवारी सकाळी विभावरी आणि मी आमच्या करामा भागातल्या पोस्टात गेलो. खिडकीतल्या मल्याळी मुलीने हिंदीत विचारलं, साधं की रजिस्टर्ड, आणि अर्जंट है क्या. मी उत्तर जुळवत होतो, तोवर विभावरीच म्हणाली, "चौदा महीने से अर्जंट है." मुलगी हसली. तिने शिक्का मारला, पावती दिली आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं. ते तिथे दुसऱ्या पाकिटांमध्ये पडलेलं मी जरा वेळ पाहिलं.

"चला," विभावरी म्हणाली, "यल्ला." आम्ही समोरच्या उडप्याकडे कॉफी प्यायला गेलो.