दोघांनी मिळून जायचं होतं

शिंपीकाकांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कापणं-शिवणं काकांचं, काज-बटण, तुरपाई काकूंकडे. चाळीस वर्षं दोघांनी एकाच दिव्याखाली मान मोडून काम केलं.

हिवाळ्याच्या तोंडावर दवाखान्यातली नर्स आपल्या सासऱ्यांचा कोट सैल करून घ्यायला आली. "पासष्टीपुढच्यांना फ्लूची आणि न्यूमोनियाची लस देतोय. तुमची नावं लिहू?"

"लिही की," काकू म्हणाल्या.

काकांनी कापडावरून नजर काढली नाही. "शाळेचे साठ गणवेश द्यायचेत. ते हातावेगळे झाले की येतो. लस काय पळून जातेय?"

"यांचं 'येतो' म्हणजे शिंप्याचं 'उद्या'," काकू हसल्या.

"मग तुम्ही तरी या काकू."

"नको गं, मिळूनच येऊ."

गणवेश गेले, मागोमाग कुणाचे पडदे आले. आज-उद्या करता करता महिना सरला.

आधी काका तापले. चार दिवसांत उठून मशीनवर बसलेही. मग काकूंनी अंथरूण धरलं. खोकला छातीत उतरला, धाप लागली, आणि हॉस्पिटलात नवव्या दिवशी त्या गेल्या.

काकांनी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. "लस घेतली असती तर कदाचित निभावलं असतं," डॉक्टर म्हणाले. "खात्रीने नाही सांगता येत." काकांच्या कानात 'कदाचित' तेवढं राहिलं.

दीड महिन्याने ते दवाखान्यात गेले. नर्सने वही उघडली. दोन नावं एकाखाली एक होती.

"काकू नाही आल्या?"

काकांनी वहीतल्या काकूंच्या नावावर बोट ठेवलं आणि नकारार्थी मान हलवली. ती समजली. तिने त्यांची बाही वर सारली, आणि लस टोचून झाल्यावरही जरा वेळ खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"घेतली लस," काका म्हणाले. "तुझ्या आईला तेव्हाच एकटीला पाठवायला हवं होतं गं."

"ती गेली नसती, बाबा. तुम्हाला सोडून आई कधी कुठे गेली?"

मुलगी बिचारी समजूत घालायला बोलली. पण ते अगदी खरं होतं, आणि म्हणूनच काकांच्या जिव्हारी लागलं. "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि काकू गेल्यापासून पहिल्यांदाच मशीनवर डोकं टेकून ते ओक्साबोक्शी रडले.