गाण्यातली हाळी

आमच्या नदीकाठी अकॉर्डियन वाजलं की मासे तालावर उड्या मारत थेट कढईत पडतात. खोटं वाटत असेल तर कढईला विचारा. आणि गाणारा गाता गाता मध्येच कुणाला तरी नावानिशी हाळी देणारच, तो आमचा रिवाजच आहे.

एडिल्मामावशीचा नवरा पाब्लितो मरायच्या आदल्या वर्षी एकदाच टेपवर गायला. त्यात त्यानं हाळी दिली ती आपल्यालाच, असं ती सांगायची. टेप गावच्या रेडिओ केंद्राच्या संगणकात उतरवली आणि मग उंदरांनी खाल्ली. तेव्हापासून आमचे उंदीर सुरात चिरकतात. पण रेडिओवर हाळीच्या जागी ऐकू यायचं, "वा रे एमिरो खाटका!" सगळं गाव एडिल्माला हसायचं.

यंदा रेडिओवरच्या फायलींचे ठसे बदलायचे ठरले. ठसा म्हणजे फाइल वाचून यंत्रानं काढलेली अक्षरांची ओळ. फाइलीत एक शिंक वाढली तरी ती ओळ बदलते. जुनी पद्धत कच्ची ठरली होती, म्हणून नवी.

निवेदक रुगेरो फायली सांभाळणाऱ्या पोरीला म्हणाला, "यारिमा, नवे ठसे काढ नि जुने फेकून दे. उद्या कार्निव्हल आहे, बये!"

"आणि फाइल आधीच बिघडलेली असली तर? बिघाडालाच खरेपणाचा शिक्का बसेल. आधी जुन्या पद्धतीनं पुन्हा ठसा काढून नोंदीतल्या ठशाशी जुळवायचा, मगच नवा."

सगळे जुळले. एक सोडून. पाब्लितोचं गाणं.

रुगेरो उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला. तो नकलाकार असा, की त्यानं कोंबड्याची बांग दिली तर सूर्यसुद्धा फसून वर येतो.

"एमिरोनं माझ्या लग्नाला डुक्कर दिलं होतं गं! म्हटलं, पाब्लितोच्या आवाजात एक हाळी घालावी त्याच्या नावाची. मूळ फाइलीवरच सेव्ह झालं."

"गाढवा! आणि मावशीला हसायला सगळ्यात पुढे तूच!"

नदीपलीकडच्या वाचनालयात फाइल बिघडण्याआधीची प्रत होती. यारिमा होडीतून घेऊन आली. जुन्या पद्धतीनं ठसा काढला, अक्षरन् अक्षर जुळलं. मग तिनं नवा काढला, दोन्ही जपून ठेवले आणि चौकातल्या कर्ण्यावर गाणं लावलं.

"एडिल्मा, अगं जवळ ये, तुझ्याविना सूर लागेना!"

एडिल्मा बाकावर चढली. "ऐकलंत ना, मेल्यांनो? आता कोण हसतंय? रुगेरो, परत लाव! एमिरो, बघतोस काय, धर हात!"

नाचताना तिनं चपला भिरकावल्या. एक अजून चर्चच्या घंटेला लटकतेय.