नव्याचं मडकं

"बाबा, माह्यं चुकलं." शब्द तीनच, पण चंद्रपूर सोडल्यापासून अजय ते मनातल्या मनात घोळवत होता आणि दर खेपेला दुसऱ्या शब्दावर येऊन अडखळत होता. शेजारी बायको निरुपा खिडकीबाहेर बघत बसलेली. मागच्या सीटवर दहा वर्षांची दिव्यानी आजीसाठी घेतलेल्या साडीची पिशवी उशाला घेऊन झोपलेली. गाडी चालली होती कुसुमटोल्याला, चामोर्शीच्या पुढे, जिथं जंगल सुरू होतं तिथल्या गावाला, अजयच्या आईबापांकडे. आपण येतोय हे त्यानं फोन करून कळवलं नव्हतं. कळवलं आणि बाप 'येऊ नको' म्हणाला तर? त्यापेक्षा दारात उभं राहिलेलं बरं. दारातल्या माणसाला हाकलायला बापालाही थोडं जड जाईल, असा त्याचा हिशेब.

आता बापलेकांचं बिनसलं कशावरून, तर नव्यावरून. म्हणजे नव्याच्या दिवशी. दिवाळी सरली, हलका, लवकर येणारा धान निघाला, की देवाजीच्या, म्हणजे अजयच्या बापाच्या, घरी नवं खातात. नव्या मडक्यात नव्या तांदळाचा भात शिजतो, आधी पितरांना दाखवतात, आणि मग घरातला कर्ता माणूस ज्याच्या त्याच्या तोंडात आपल्या हातानं पहिला घास घालतो. तोवर त्या तांदळाचा दाणा कोणी जिभेवर ठेवत नाही. मागल्या वर्षी पितरांचं झालं, पानं वाढली, आणि नेमकं तेव्हाच अजयनं तोंड उघडलं. बैलजोडी विका म्हणाला. सत्तरीला आलात, रात्रीबेरात्री रानडुकरांपासून धान राखायला शेतातल्या माळ्यावर झोपता, वाघ फिरतो आहे, चंद्रपूरला चला. म्हातारा म्हणाला, तुझ्या त्या डबीएवढ्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. तर अजय बोलून गेला, मग राहा इथंच आणि मरा वाघाच्या तोंडी.

नव्याच्या दिवशी, पितरांच्या पानासमोर! मायच्या, वच्छलेच्या, हातातून डाव खाली पडला. देवाजी शांतपणे एवढंच म्हणाला, "आजपासून तू मले मेला."

अजय भरल्या पानावरून उठला, बायको-लेकीला गाडीत बसवलं आणि गाडी सुरू केली. पण निघाला नाही हो लगेच. इंजिन घरघरत ठेवून आरशात बघत बसला. बाप ओसरीवर आला होता. एक हाक मारली असती तर अजय धावत परत गेला असता, पण म्हाताऱ्यानं हाक काही मारली नाही. त्या एका न मारलेल्या हाकेचा सल वर्षभर अजयच्या काळजात होता. माय अधूनमधून चोरून फोन करायची, पाऊसपाण्याचं बोलायची, आणि 'बाबा काय म्हणतात' विचारलं की तिकडून नुसतं हुं यायचं.

या वर्षी दिवाळी झाली तरी नव्याचं बोलावणं आलं नाही. शेवटी निरुपाच म्हणाली, येता की मी पोरीला घेऊन एसटीनं जाऊ? तेव्हा कुठं स्वारी हलली.

वैनगंगेच्या पुलावर दुरुस्ती चालू होती. एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडत होते. त्यांची गाडी रांगेत थांबली आणि समोरून एक एसटी हळूहळू, अगदी हात लावावा एवढ्या अंतरावरून गेली. अजयचं तिकडे लक्षच नव्हतं. तो दुसऱ्या शब्दावर अडखळला होता.

कुसुमटोल्यात पोचले तर घराला बाहेरून कडी. कडीत बाभळीची काडी खोचलेली. आंगण झाडलेलं, सडा टाकलेला, गोठ्यात बैलांपुढं कडबा. अजयनं मायला फोन लावला, आणि बंद घरात आतच रिंग वाजायला लागली. वाजली, वाजली आणि थांबली. दिव्यानी दाराला कान लावून म्हणाली, "आजी आत आहे?" आणि निरुपानं तिला मागं ओढलं. काडी काढून अजय आत शिरला.

आत कोणी नाही. फोन खिडकीत, चार्जरला लावलेला. चूल सारवलेली, कोपऱ्यात सूप, सुपात नव्या तांदळाची कणी. अजयनं चुलीवर हात धरला तर राख अजून ऊन. म्हणजे सकाळीच शिजवलं होतं. पण मग भात कुठाय? मडकं कुठाय? ताटं तर पालथी घातलेली, कोरडी ठणठणीत. नव्याचा भात शिजवला, कोणी खाल्ला नाही, आणि मडक्यासकट दोघंही गायब. अजयला काही उमगेना. नव्याचं मडकं घराचा उंबरा ओलांडत नाही, हे तो जन्मापासून बघत आला होता.

शेजारची बुधरी कोंबड्यांना दाणे टाकायला आली. तिला सगळं ठाऊक होतं आणि काहीच ठाऊक नव्हतं. पहाटे दोघं निघाली म्हणाली. वच्छलाबाईच्या डोक्यावर फडक्यात बांधलेलं मडकं होतं, डोळे लाल होते. बैल-कोंबड्या पाहा म्हणून सांगून गेली. कुठं जाता असं तू विचारलं नाहीस का म्हटलं, तर बुधरी अजयकडे अशी बघायला लागली की जणू यानं तिला शिवीच दिली.

समोरच्या ओट्यावर दसरूकाका बसले होते. देवाजीचे बरोबरीचे, दोघं एकाच शाळेतून पळालेले. त्यांनीही पाहिलं होतं. देवाजीनं पांढरं धोतर नेसलं होतं, ठेवणीतलं, आणि फाट्याकडे चालला होता. पण कुठं? दसरूकाकांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली.

"निघाल्या माणसाले कुठी म्हून इचारते काय कोनी? अपशकून होते. मागून हाक बी नाई मारत आमी."

झालं! अर्ध्या गावानं म्हातारा-म्हातारी जाताना पाहिली होती आणि एकानंही विचारलं नव्हतं. एकजण म्हणाला दवाखान्यात गेले असतील, म्हातारीचे डोळे लाल होते. दवाखान्यात कोणी भात नेतं का? दुसरी म्हणाली लेकीकडे गेले असतील. अजयनं बहिणीला फोन लावला, तर ती उलट यालाच विचारायला लागली की झालं काय, आणि रडायच्या बेताला आली. डोक्याचा नुसता भुगा झाला. त्यात दिव्यानीला भूक लागलेली, तिचं आपलं एकच टुमणं, आबा भात घेऊन कुठं गेले.

मग दसरूकाका हळूच बोलले. बोलावं की नाही अशा विचारात असल्यासारखे.

"मार्कंड्याकडं तं नाई गेला, नदीवर?"

ते ऐकलं आणि अजयनं मनात एकेक जुळवलं. पांढरं धोतर, शिजवलेला भात, नवं मडकं, रडलेली माय, आणि नदी. लहानपणी त्यानं स्वतः पाहिलं होतं. वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं घर सोडून गेलेल्या मुलाच्या नावानं नदीवर पिंड दिला होता, मुलगा जिवंत असताना. पुढं तो मुलगा परत आला, पण बापानं त्याला ओळखच दाखवली नाही. मुलगा आंगणात उभा राहून राहून निघून गेला. 'आजपासून तू मले मेला' हे अजयच्या बापानं नव्याच्या दिवशीच म्हटलं होतं, आणि आज वर्ष भरलं होतं. वर्षाचं करायला गेला म्हातारा. आपल्या हातानं घास घालायचा तोच भात घेऊन गेला.

गाडीत बसल्यावर त्यानं निरुपाला सांगितलं. ती म्हणाली, काहीतरीच काय, असं कोणी करतं का? पण दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचाही आवाज बारीक झाला होता.

मार्कंड्याच्या घाटावर दोनचार कुटुंबं आपापली कार्यं करत बसली होती. अजय प्रत्येक पांढऱ्या धोतराजवळ जायचा, चेहरा बघायचा, पुढं व्हायचा. पाण्याच्या कडेला भाताचे पिंड, कावळे, फुलं. एका पिंडासमोर तो थांबला. कोणाचा असेल? भात बारीक होता, नव्या तांदळासारखा. त्याचं त्यालाच कळेना की आपण नक्की काय शोधतोय, बापाला की आपल्या नावाच्या पिंडाला. आणि सापडलाच तर काय करायचं? उचलून घ्यायचा? कोणी विचारलं तर सांगायचं, हा माझा आहे? तो तिथंच वाळूत बसला आणि ढसाढसा रडला, मोठा वीज केंद्रातला ऑपरेटर, लेकीसमोर. दिव्यानीला काय करावं सुचेना, म्हणून ती बापाच्या पाठीवरची वाळू झाडत राहिली, आणि पाठीवर तर वाळू नव्हतीच.

तेवढ्यात फोन वाजला. चंद्रपूरहून शेजारच्या वांढरेकाकू बोलत होत्या. तुमच्या दारासमोर जिन्यात कधीपासून दोन म्हातारी माणसं बसली आहेत म्हणाल्या. आत या म्हटलं तर येत नाहीत, चहा दिला तर घेत नाहीत, मांडीवर मडकं घेऊन बसलेत. तुम्ही कुठं गेलात ते विचारत होते, पण मला तरी काय ठाऊक? सकाळी तुम्ही निघालात तेव्हा मी दारातच होते, पण निघालेल्या माणसाला कसं विचारायचं?

अजय म्हणाला, फोन त्यांना द्या. मग फोनवर माय आली. तिचं बोलणं धबधब्यासारखं सुटलं. तुझ्या बापानं आठ दिवसांपासून अन्नावर मन ठेवलं नाही म्हणाली. धान निघाला तरी नवं खाईना. मी म्हटलं पोराला फोन लावा, तर नाही. आज पहाटे उठून म्हणतो, भात रांध, मडकं घे, तो येत नाही तर आपण त्याच्या दारात जाऊन घास घालू. घराबाहेर नवं न्यायचं म्हणून मलाच रडू आलं. आणि अरे, सकाळी पुलावर तुमची गाडी अगदी एसटीच्या खिडकीखाली! आरशाला मी बांधलेल्या धानाच्या लोंब्या दिसल्या, दिव्यानीचे पाय दिसले. मी म्हटलं, हाक मारा ना हो!

"मंग? काऊन नाई मारली?"

"म्हनते, तो सासुरवाडीले धानोऱ्याले चालला असंन. निघाल्या माणसाले मागून हाक मारू नये. मागल्या वर्षी बी त्याच्यासाठीच नाई मारली म्हनते. रागात गाडी चालवत जाऊन राह्यला होता, त्यात अपशकून कायले."

अजयनं डोळे मिटून घेतले. वर्षभर काळजात ठसठसत होती ती हीच हाक. बापानं मारली नाही म्हणून हा जळत होता, आणि बाप मारू नये म्हणून गिळून बसला होता.

आता कोणी कुठं थांबायचं? अजय म्हणाला मी निघतो, तिकडून देवाजीचा आवाज आला की त्याला सांग, आम्ही निघतो. पुन्हा तोच घोळ व्हायची वेळ आली. शेवटी वच्छलाच खेकसली, दोघंही मुकाट्यानं पुलावर या, तिथं काही चुकामूक होत नाही.

पण होणाऱ्याला काय! अजय पुलाच्या अलीकडे गाडी लावून उभा राहिला. दुपार कलायला लागली. पलीकडून एसटी आली, रांगेत थांबली, सुटली, आणि अजयपाशी न थांबता तशीच पुढं गेली. तिच्या खिडक्यांत दोघंही दिसली नाहीत. निरुपाला 'इथंच थांब' सांगून तो पुलावरून पलीकडच्या टोकाकडे चालायला लागला. कडेनं ट्रक उभे, रेतीचे ढीग, मजुरांची लगबग. एसटीतून पलीकडेच उतरली असतील, नाहीतर बसलीच नसतील, नाहीतर बापानं ऐन वेळी विचार बदलला असेल. हा शेवटचा विचार आला आणि त्याची चाल वाढली. तीन शब्द पुन्हा जुळवायला गेला तर आता एकही आठवेना.

देवाजी आणि वच्छला रांग लागली तेव्हाच एसटीतून उतरली होती आणि चालत येत होती, ट्रकांच्या दुसऱ्या अंगानं. बाप एका बाजूनं अलीकडे आला, लेक दुसऱ्या बाजूनं पलीकडे गेला, आणि मधे ट्रकांची भिंत. देवाजीनं नातीला पाहिलं, गाडी पाहिली. अजय कुठं आहे म्हटल्यावर निरुपानं पुलाकडे बोट दाखवलं. लांब, पाठमोरा, लगालगा चाललेला त्याचा मुलगा.

वच्छला म्हणाली, मी जाते, आणते त्याला. देवाजीनं मडकं तिच्या हातात दिलं. पांढऱ्या धोतराचा सोगा आवरला. दोन पावलं पुढं झाला. सत्तर वर्षांत या माणसानं निघालेल्या कोणाला मागून हाक मारली नव्हती. लेक सासरी निघाली तेव्हा नाही, बैल बाजारला गेला तेव्हा नाही.

"अजय!"

ट्रकवाल्यांनी माना बाहेर काढल्या. रेती उपसणारे थांबले. पुलाच्या मध्यावर अजयचे पाय जागीच खिळले. वळायला त्याला वेळ लागला, कारण आपल्याला भास होतो आहे असंच त्याला वाटलं.

"अजय, नवं खाऊन जाय रे!"