अण्णांचा जुना नंबर

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या कानडी मुलखातल्या नवनगरातलं शेंबडं पोरही सांगेल. रागाच्या भरात मी आयुष्यात बरंच काही मोडलं. पण अण्णांचं सिमकार्ड मोडलं, त्याची भरपाई काही आजवर झाली नाही.

गोष्ट २००७ ची. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ दत्तात्रेय. शाळेतून निवृत्त झालेले, वहिनी गेलेल्या, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहायचे. आमच्या इथल्या लॅमिंग्टन रोडवरच्या माझ्या दुकानाच्या नावावर एक मोबाइल होता, तो त्यांच्याकडे दिला होता. बिल यायचं दीडशे-दोनशे. त्या महिन्यात आलं दोन हजार आठशे साठ! कॉल जवळजवळ नाहीतच, सगळा आकडा इंटरनेटचा.

"या वयात नेटवर काय बघता हो अण्णा?" बिल नाचवत मी वर गेलो.

"हवामान," अण्णा खाली बघत म्हणाले.

"एवढ्या पैशाचं हवामान? खिडकी उघडा की, फुकट दिसतंय!"

मी फोन ओढून घेतला, सिम काढलं आणि त्यांच्यादेखत कट्‌कन मोडलं. दुसऱ्या दिवशी ते कनेक्शन बंद करून स्वस्तातलं नवं प्रीपेड सिम आणून दिलं. व्यापाऱ्याची जात माझी, खर्च वाचवला म्हणून मिशीत हसलोसुद्धा.

 पण त्यानंतर अण्णांचं जेवण तुटलं. फोन वाजला तर मलाच हाक मारायचे.

सात-आठ महिन्यांनी एका दुपारी म्हणाले, "प्रभंजन, तो जुना नंबर परत मिळंल काय रे?"

"कशाला?"

"भार्गवी त्यावर फोन करत होती."

भार्गवी म्हणजे अण्णांची एकुलती एक मुलगी. तिनं परजातीत लग्न केलं, तेव्हा मीच तिला उंबरा बंद केला होता. "तिच्याशी संबंध ठेवलात तर मी तुम्हाला मेलो," असं अण्णांना चारचौघांत सुनावलं होतं. घरचा फोन, टपाल, सगळं माझ्या हातातून जायचं. तिला बापाशी बोलायला तो मोबाइलच काय तो उरला होता. मी दुकानात गेलो की ती फोन करायची.

"मुलगी झालीय तिला," अण्णा म्हणाले. "मेसेजात एक ओळ होती, ती दाबली की फोटो उघडत होता. मला वाटलं, पोस्टानं येतो तसा एकदा आला की आपला झाला. रोज पूजा झाली की बघत होतो, दहादा, वीसदा. दर वेळी पैसे पडतात, हे कुणाला ठाऊक?"

"तिचा नंबर द्या, आत्ता लावतो."

"त्या सिमातच होता की रे."

 तिथंच बसून मी जुना नंबर फिरवला. अळणावर गावचा कुणी लाकूडवाला होता, नंबर आता त्याला मिळाला होता. तो कानडीत म्हणाला, "एका बाईचा फोन येत होता री. 'माझे अप्पा, माझे वडील कुठं आहेत' म्हणून सारखं विचारायची. चारदा नीट सांगितलं, पाचव्यांदा शिव्या घातल्या. मग बंद झाला."

"तिचा नंबर असेल का हो?"

"पुसून टाकला री."

त्याच्यावर ओरडायला मला तोंड कुठं होतं? मी अण्णांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडलो. त्यांनी एक शब्द लावून बोलावं म्हणून वाट बघत होतो.

अण्णांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "नंबर मीच बदलला असं वाटलं असंल तिला," ते म्हणाले. "काकाला घाबरून बापानं दार लावलं, म्हणत असंल."

"नाही हो अण्णा..."

"नाही कसं? घाबरलो होतोच की मी तुला."